तज्ज्ञ म्हणायचे म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही, ती झाली म्हणून दोन म्हशींचा गोठा टिकला

समजा, घरी दोन म्हशी आहेत. एक दुभती, एक गाभण. सकाळी चार लिटर दूध निघतं, संध्याकाळी तीन. पोरांना आणि चहाला ठेवून पाच लिटर विकायला उरतं.

आता हे पाच लिटर विकायचं कुठं?

गावात घरोघरी म्हैस. शहर लांब. आणि दूध म्हणजे काय ज्वारी नाही, की भाव पडला म्हणून पोत्यात भरून ठेवली. उन्हाळ्यात काही तासांत नासतं. म्हणजे दिवसातून दोनदा, वर्षाचे ३६५ दिवस, अगदी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही गिऱ्हाईक पाहिजे. ते नसेल तर दूध आटवा नाहीतर तूप कढवा आणि पडेल त्या भावात बाजारात द्या. सहकारी डेअरी यायच्या आधी बऱ्याच घरांत हेच चालायचं.

आज कोल्हापूरच्या एखाद्या वाडीतलं असं पाच लिटर दूध मुंबईत पिशवीतून विकलं जातं. हे कसं जमलं याची गोष्ट सांगताना सगळे संपावर, सरदार पटेलांवर आणि अमूल गर्लवर थांबतात. पण त्यातली सगळ्यात अवघड गाठ वेगळीच होती. ती होती हिवाळ्याची.

गोष्ट सुरू होते गुजरातच्या खेडा जिल्ह्यात. तेव्हा हा भाग मुंबई प्रांतात होता. १९४५ मध्ये सरकारनं ‘बॉम्बे मिल्क स्कीम’ काढली. मुंबईला चांगलं दूध मिळावं म्हणून आणंदहून सव्वाचारशे किलोमीटरवर दूध आणायचं ठरलं आणि ते काम मिळालं पोलसन कंपनीला. गावातून दूध गोळा करायचे ठेकेदार. मुंबईत दुधाला चांगला भाव होता, पण त्यातला शेतकऱ्याच्या हातात किती पडायचा, हे ठेकेदाराच्या मर्जीवर. दुसरीकडं द्यावं म्हटलं तर दुसरा घेणारा नाही.

शेतकरी सरदार पटेलांकडं गेले. पटेलांचा सल्ला सरळ होता, स्वतःचा संघ काढा आणि सरकार तुमचं दूध घेत नसेल तर पोलसनलाही देऊ नका. त्यांनी मोरारजी देसाईंना पाठवलं. ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात सभा झाली. मग १५ दिवस खेड्यातून मुंबईला दूध गेलं नाही. शेवटी सरकार नमलं. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. सुरुवातीला फक्त दोन गावच्या सोसायट्या आणि दिवसाला अवघं २४७ लिटर दूध.

संघानं केलेलं काम ऐकायला साधं वाटतं. गावात सोसायटी. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, जात-पात न बघता सगळे एकाच रांगेत. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचा, फॅट काढायची आणि फॅटवर पैसे द्यायचे.

हा फॅटचा मुद्दा म्हशीवाल्यासाठी फार मोठा होता. गायीच्या दुधात साधारण साडेतीन-चार टक्के फॅट असते. म्हशीच्या दुधात सहा-सात, कधी त्याहूनही जास्त. नुसत्या लिटरवर भाव दिला तर म्हशीवाला मार खातो आणि पाणी घालणाऱ्याचं फावतं. फॅटवर भाव दिला की पाणी घालून काही उपयोग नाही आणि सरकी पेंड नीट खाऊ घातली तर त्याचे पैसे मिळतात. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ सिनेमात दुधाचे नमुने तपासायला आलेल्या शहरी डॉक्टरकडं गाव संशयानं बघतं, ते याच कारणानं. नळीतला आकडा गावातल्या ठेकेदाराचं गणित मोडत होता. (१९७६ च्या या सिनेमासाठी ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची.)

इथपर्यंत सगळं छान. पण म्हैस काही संघाच्या वेळापत्रकानं दूध देत नाही.

म्हशीला माज प्रामुख्यानं दिवस लहान होऊ लागले की, थंडीच्या सुमारास येतो. गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, म्हणजे गायीपेक्षा महिनाभर जास्त. त्यामुळं बहुतेक म्हशी पावसाळ्यात आणि त्यानंतर व्यायला लागतात. त्याच वेळी हिरवा चारा मुबलक. परिणाम काय, तर हिवाळ्यात दुधाचा पूर आणि उन्हाळ्यात ठणठणाट. खेड्यात हिवाळ्याचं दूध उन्हाळ्याच्या दुप्पट-अडीचपट व्हायचं.

मुंबईकर मात्र डिसेंबरमध्ये अडीचपट चहा पीत नाही.

त्यामुळं हिवाळा आला की मुंबई म्हणायची, एवढं दूध नको. मग संघानं काय करायचं? सभासदाला ‘आज तुझं दूध परत ने’ म्हणायचं? जो संघ ठेकेदाराच्या मनमानीविरुद्ध उभा राहिला, त्यानंच दूध परत पाठवलं तर शेतकरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेकेदाराच्या दारात. लहान शेतकऱ्याला चार आणे जास्त भावापेक्षा एका गोष्टीची हमी जास्त महत्त्वाची असते, ती म्हणजे दूध परत येणार नाही. मोठा गोठेवाला एक-दोन दिवस निभावून नेतो. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याचं वैरणीचं पैशाचं गणित त्याच दिवशी कोसळतं.

उपाय दिसत होता. जास्तीच्या दुधाची पावडर करायची, ती टिकते आणि उन्हाळ्यात पुन्हा दूध करता येते. अडचण एकच. दूध म्हशीचं होतं.

युरोप आणि न्यूझीलंडचा सगळा दुग्धव्यवसाय गायीवर उभा राहिलेला. यंत्रं गायीच्या दुधासाठी बनवलेली, शास्त्र गायीच्या दुधावर लिहिलेलं. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, प्रथिनं जास्त, कॅल्शियमही जास्त. परदेशी तज्ज्ञांचं म्हणणं ठाम होतं की, म्हशीच्या दुधाची स्प्रे ड्रायिंगनं पावडर होऊच शकत नाही. स्प्रे ड्रायिंग म्हणजे आटवलेलं दूध गरम हवेत बारीक तुषारांसारखं फवारायचं, पाणी उडून जातं आणि खाली भुकटी पडते.

हे म्हणणं खरं ठरलं असतं तर? भारतात तेव्हा दुधाचं मुख्य जनावर म्हैस होती. जगातल्या निम्म्याहून जास्त म्हशी आजही भारतात आहेत. पावडर फक्त गायीच्या दुधाची होत असेल, तर इथल्या शेतकऱ्याचं दूध हंगामात वाया जाणार आणि शहरं परदेशी पावडरीवर चालणार, हे ठरलेलंच होतं.

१९४९ मध्ये सरकारी नोकरीच्या निमित्तानं आणंदला आलेले वर्गीस कुरियन संघाच्या कामाला लागले होते. त्यांनी अमेरिकेतल्या शिक्षणाच्या काळातले मित्र हरिचंद मेघा दलाया यांना आणंदला बोलावून घेतलं. कुरियन यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. दलायांचं फारसं कुणी घेत नाही आणि ते चूकच आहे, कारण यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस तो होता. रंग फवारायची स्प्रे गन आणि गरम हवेचं यंत्र जोडून त्यांनी म्हशीच्या दुधाची पावडर होते हे आधी दाखवून दिलं. मग खरीखुरी यंत्रसामग्री आली, त्यासाठी युनिसेफनं मदत केली. ३१ ऑक्टोबर १९५५ ला, सरदार पटेलांच्या जयंतीदिवशी, पंडित नेहरूंनी आणंदच्या नव्या डेअरीचं उद्घाटन केलं आणि म्हशीच्या दुधाची पावडर तिथं बनू लागली. जगात पहिल्यांदाच.

आता हिवाळ्यातलं सगळं दूध संघ घेऊ शकत होता.

म्हशीच्या दुधाचे बाकीचे प्रश्नही मग असेच सोडवत न्यावे लागले. तिच्या दुधाचं लोणी पांढरं असतं, कारण त्यात गायीच्या दुधासारखा पिवळेपणा देणारा कॅरोटिन नसतो. पोलसनच्या पिवळ्या, खारट बटरला सरावलेल्या मुंबईला अमूलचं लोणी पहिल्यांदा पसंत पडलं नाही. शेवटी मीठ आणि रंग घालावा लागला. म्हैसूरच्या सीएफटीआरआयच्या शास्त्रज्ञांनी म्हशीच्या दुधापासून बाळांचं अन्न तयार केलं. आणि आपण पिशवीवर ‘टोन्ड’ वाचतो ना, तेही मुळात म्हशीचं घट्ट दूध जास्त लोकांना पुरावं म्हणून मुंबईत निघालेली युक्ती. त्याचं श्रेय मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांना दिलं जातं. त्रिभुवनदास पटेल, कुरियन आणि खुरोडी या तिघांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार एकत्र मिळाला. कुरियन आणि खुरोडी यांचं आपसात कधी फार जमलं नाही, हा भाग वेगळा.

१९६३ हेच वर्ष महाराष्ट्रासाठीही महत्त्वाचं. १६ मार्चला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला, म्हणजे आपला ‘गोकुळ’. कोल्हापूरला म्हशीचं वेड आधीपासून होतंच. खांद्याच्याही मागं जाणारी लांबलचक शिंगं असलेली पंढरपुरी म्हैस या भागाची. शहरात आजही गंगावेशसारख्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दूध दिलं जातं. गोकुळनं हे वेड गावोगावच्या सोसायट्यांमध्ये बांधलं. दर दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दूध फरक. ज्या घरात ऊसबिलाची वाट बघण्यात महिने जातात, तिथं किराणा आणि शाळेची फी या दहा दिवसांच्या बिलावर निघते.

पण दूध घेतलं म्हणजे संघाचं काम संपत नाही, कारण म्हशीचा खरा तोटा गोठ्यात होतो.

म्हशीचा माज ‘मुका’ असतो. गाय हंबरते, उड्या मारते. म्हैस बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, दाखवलं तर रात्री. एक माज चुकला की पुढचा साधारण २१ दिवसांनी. म्हणजे भाकड जनावराला २१ दिवसांची वैरण फुकट. असे चार-पाच माज चुकले की तीन महिने गेले आणि वर्षाचा नफा तिथंच संपला. दोन म्हशीवाल्याला गावात वेळेवर पोहोचणारा कृत्रिम रेतनवाला आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर एकट्याला परवडत नाही. संघाला परवडतो. खेडा संघानं फिरते पशुवैद्यक ठेवले, कंजरीला पशुखाद्याचा कारखाना काढला. महाराष्ट्रातल्या मोठ्या संघांनीही हाच रस्ता धरला.

तरी महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत संकरित होल्स्टिन गायीनं मोठी मजल मारली. कारण उघड आहे. गाय लिटरनं जास्त दूध देते, वासरू लवकर हाताशी येतं, माज कळतो. पण गायीच्या दुधाचा मोठा भाग पावडर आणि बटरला जातो आणि त्याचा भाव जागतिक बाजाराबरोबर वरखाली होतो. २०२४ मध्ये राज्य सरकारनं लिटरमागं ५ रुपये अनुदान दिलं, ते गायीच्या दुधाला होतं. म्हशीच्या दुधाला मुंबई-पुण्यात चहावाला, मिठाईवाला आणि घरचं दही लावणारा असा पक्का गिऱ्हाईक आहे, म्हणून तिचा भाव तेवढा कोसळत नाही. पावडरीची गरज मात्र अजून संपलेली नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद पडली, तेव्हा राज्यानं रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन पावडर करायचा निर्णय घेतला होता. गणित तेच, परत पाठवायचं नाही.

सध्या अडलंय ते वेगळ्या जागी. घरच्या रेडीला पहिल्यांदा व्यायला साडेतीन-चार वर्षं लागतात. तोवर तिला खाऊ घालणं दोन म्हशीवाल्याला जड जातं, म्हणून ती नीट वाढवलीच जात नाही. मग गोठा भरायला हरियाणाची मुऱ्हा किंवा गुजरातची मेहसाणा, जाफराबादी आणायची, जिची किंमत लाखाच्या पुढं. गोकुळसारखा संघ अशा खरेदीला अनुदान देतो. दुसरा मार्ग लिंगनिश्चित वीर्याचा, त्यानं रेडी जन्मण्याची शक्यता सुमारे ९० टक्क्यांवर जाते. पण रेडी जन्मली तरी पुढची चार वर्षं तिच्या वैरणीचा खर्च कुणी करायचा, शेतकऱ्यानं की संघानं, हे बहुतेक ठिकाणी अजून ठरलेलं नाही.