घरच्या ठेवीचे कुलूप

बारामती-इंदापूरकडच्या कऱ्हाटीत आता बहुतेक घरांत मोबाईल आहे. ऊसबिलाचा मेसेज त्यावरच येतो, आखातातून मुलाने पाठवलेले पैसे त्यावरच दिसतात, हजसाठी साठवलेली रक्कमही त्यावरच पाहतात. या साऱ्याला कुलूप पासवर्डचे. आणि आपल्या घरांतला पासवर्ड म्हणजे बहुधा मुलाचे नाव, जन्मसाल, नाहीतर शेवटी ७८६. हा आकडा आपल्याला प्रिय आहे, हे चोरालाही ठाऊक असते.

डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड चोरीला गेले. त्यांत सुमारे २ लाख ९० हजार जणांचा पासवर्ड एकच होता, १२३४५६. पासवर्ड फोडणारे आधी अशाच याद्या, नावे आणि तारखा लावून पाहतात.

आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सुमारे २०,८८२ कोटी जुळण्या होतात. पण कंपनीकडची यादी चोरांच्या हाती लागली आणि त्यांचे यंत्र सेकंदाला शंभर कोटी जुळण्या तपासत असले, तर साडेतीन मिनिटांत सगळ्या संपतात. ७,७७६ शब्दांच्या यादीतून न निवडता उचललेल्या पाच शब्दांच्या जुळण्या संपवायला त्याच यंत्राला सुमारे नऊशे वर्षे लागतील.

तेव्हा घरातला जाडजूड शब्दकोश घ्या, पाच वेळा कुठेही उघडा आणि बोट पडेल तो शब्द घ्या. उदाहरणार्थ, चिंच कंदील सुई वरंबा पाहुणा. इंग्रजी अक्षरांत तो सलग लिहा. आम्ही छापलेला नमुना मात्र वापरू नका; म्हण, गाण्याची ओळ किंवा आयतही नको. ईमेलचा पासवर्ड सर्वांत वेगळा ठेवा, कारण बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. लक्षात राहत नसेल, तर वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवा.

पिनचे थोडे निराळे. चुकीचा पिन काही वेळा टाकला की बँक तो बंद करते, म्हणून तिथे यंत्राचे फारसे चालत नाही. जन्मसाल माहीत असलेल्या ओळखीच्या माणसाचे मात्र चालते.

आणि फोनवर कोणी गोड बोलून ओटीपी मागितला, तर अम्मी-अब्बांनी सरळ फोन ठेवावा. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेला १९३० लावा. उशीर झाला की रक्कम अडवणे अवघड होते.