रोजचा ताण : तो चढतो कसा, उतरतो कसा

समोर आलेला प्रसंग आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे वाटू लागले, की शरीर आणि मन त्याला तोंड देण्यासाठी जी जुळवाजुळव करतात, तिला ताण म्हणतात. कॅनडात काम करणारे हंगेरियन वंशाचे संशोधक हान्स सेली यांनी 1936 साली ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. कडाक्याची थंडी, जखम, अतिश्रम, औषधाची जीवघेणी न ठरणारी मात्रा असे वेगवेगळे त्रास दिल्यावरही उंदरांच्या शरीरात होणारे बदल मात्र सारखेच होते. आधी शरीर सावध होते, मग नेटाने तोंड देते आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी थकून जाते, असे तीन टप्पे त्यांनी मांडले.

धोका जाणवताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ताणाची यंत्रणा चालू करतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन स्रवते. छातीत धडधड होते, श्वास जलद होतो, स्नायू ताठरतात, पचन मंदावते. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते आणि रक्तात जास्तीची साखर उपलब्ध होते. ही सारी तयारी लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी असते. धोका टळला की वाढलेले कॉर्टिसॉलच मेंदूला थांबण्याचा संदेश देते आणि शरीर पूर्वपदावर येते. असा अल्पकाळचा ताण उपयोगीच असतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास होतो तो त्याच्याच जोरावर.

अडचण येते ती ही यंत्रणा वरचेवर चालू होते तेव्हा. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या नोकरदाराची नेहमीची फास्ट लोकल चुकली, की शरीर तीच जुनी तयारी करते. पण तिथे लढायचे कोणाशी आणि पळायचे कुठे? पुढच्या गाडीत एका हाताने कडी धरून, खांदे आक्रसून तो तासभर उभा राहतो. उशिराबद्दलची बोलणी, दुपारची डेडलाइन, संध्याकाळी पुन्हा गर्दी, रात्री जेवताना कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला निरोप. आधीची खळबळ शमण्यापूर्वीच पुढची सुरू होते.

हे महिनोन्‌महिने चालले, की झोप उडते, पित्त उसळते, मान-पाठ धरते, चिडचिड आणि विसराळूपणा वाढतो. रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. पित्तावर गोळी, डोकेदुखीवर बाम, झोपेसाठी आणखी काही असे सुटे उपाय होत राहतात आणि या सगळ्यांमागचा ताण तसाच राहतो.

मात्र एकाच प्रसंगाचा ताण सर्वांना सारखा येत नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन यांनी आपल्या 1984 च्या ग्रंथात याचा उलगडा केला. माणूस नकळत दोन गोष्टी जोखतो : यात माझे काय पणाला लागले आहे, आणि मला यात काय करता येईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, की ताण बळावतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांची पाहणी 1967 मध्ये सुरू झाली. तीत वरिष्ठांपेक्षा खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आढळले. पुढच्या पाहणीत, आपल्या कामावर स्वतःचा ताबा नसण्याशीही या आजाराचा संबंध दिसला. जबाबदारी पूर्ण, पण निर्णयाचा अधिकार नाही, ही स्थिती घरातही असते. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासू-सासऱ्यांची औषधे एकटीने सांभाळणारी बाई त्याच स्थितीत असते. तिला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणण्याने काही साधत नाही. कामे वाटून घेतली तरच तिचा भार हलका होतो.

म्हणून पहिली पायरी म्हणजे ताणाची कारणे कागदावर उतरवणे आणि हातातल्या गोष्टी वेगळ्या काढणे. हातातल्या गोष्टींवर थेट उपाय करायचा : कर्जाचे हप्ते थकण्याआधी बँकेशी बोलणे, आजारी वडिलांच्या देखभालीच्या पाळ्या भावंडांत ठरवणे, वरिष्ठांकडून कामांचा अग्रक्रम ठरवून घेणे. जे बदलत नाही, त्याकडे पाहण्याची दृष्टी तपासायची. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा भर यावरच आहे. ‘मुलाला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत’ या हट्टाच्या जागी ‘मिळाले तर आनंद, नाही मिळाले तरी मार्ग आहेत’ हा विचार रुजला, की प्रयत्न कायम राहतात आणि धास्ती ओसरते.

शरीराचा ताणही स्वतंत्रपणे उतरवावा लागतो. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडला, तर हृदयाची गती मंदावते. पाच मिनिटांचा हा सराव गाडीतही जमतो. आठवड्यातून किमान 150 मिनिटे झपझप चालणे, झोपेची ठरलेली वेळ, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणे आणि जिवाभावाच्या माणसाशी मोकळेपणाने बोलणे हे साधे, पण खात्रीचे उपाय आहेत. तंबाखू आणि दारूने घटकाभर बरे वाटते. पुढे झोप आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, रोजची कामे होईनाशी झाली किंवा कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. अशी मदत मागणे हा दुबळेपणा नाही. तोही उपचाराचाच भाग आहे.