हर्णे बंदरातली ‘रमाई’

हर्णे बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. समोर सुवर्णदुर्ग, ओल्या वाळूतून माल ओढून आणणाऱ्या बैलगाड्या आणि कडेला बर्फ भरून उभ्या असलेल्या पिकअप गाड्या. या रांगेत गेल्या ऑगस्टपासून एक निळी गाडी उभी राहते. तिच्या कपाळावर ‘रमाई’ असे लिहिले आहे. ही गाडी आमच्या पुतण्याची. ती त्याने भंगाराच्या वाटेवरून परत आणली. त्या कामात आम्हीही होतो, म्हणून हा अनुभव समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

पुतण्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधू, यांनी उभा जन्म याच बंदरात हमाली केली. बर्फाच्या पाण्याने भिजलेल्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. मुलगा मुंबईला एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि तो बायको-मुलांसह गावी आला. दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून सहा महिने राबला. एके दिवशी घरी येऊन म्हणाला, “काका, जुनी का होईना, स्वतःची गाडी घ्यायची.” नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात. त्याच्याजवळ होते दोन लाख दहा हजार, कारखान्याच्या हिशेबाचे. ते बुडाले तर पुन्हा मुंबईच्या फुटपाथवर जाण्याची पाळी. आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

पहिली गाडी पाहिली ती घाटावरच्या एका गावात. रंग नवा, काचा चकचकीत. पुतण्या भुलला. सोबतचा मिस्त्री मात्र खाली सरपटत गेला आणि स्क्रू ड्रायव्हर चेसिसला टोचला, तो थेट आरपार! गंजावर लांबी भरून वरून रंग मारला होता. दुसऱ्या गाडीचे इंजिन छान, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा. मालक म्हणाला, “नंतर उतरवून देतो.” आम्ही हात जोडले. तिसरी गाडी २०१२ सालची, आपल्याच एमएच ०८ पासिंगची. दिसायला दरिद्री, पण चेसिस शाबूत आणि कागद स्वच्छ. ती एक लाख पंचेचाळीस हजारांना ठरली.

वाचकहो, मासळीच्या गाडीचा खरा शत्रू खारे पाणी. क्रेटमधून पाझरलेले पाणी हौद्यात साचते, पत्र्याच्या सांध्यांत उतरते आणि आतून लोखंड खाते. म्हणून गाडी घेताना वरचा रंग बघू नये. हौद्याखालचे आडवे चॅनेल हातोडीने ठोकून पाहावेत. खणखणीत आवाज आला तर ठीक, बोदा आला तर सावध व्हावे. इंजिन थंड असताना सुरू करून धूर पाहावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, नोझल किंवा पंपाचे काम. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही तर गॅस्केटचा संशय घ्यावा. एवढे बघूनही आम्ही फसलोच. हौद्यात रबरी चटई घट्ट बसवली होती, ती उचलून पाहिली नाही. घरी आणून उचलली तर खाली पत्राच नव्हता, पापुद्रे होते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. इंजिनातले आम्हाला कळत नाही, पण कागद कळतात. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फॉर्म २९ व ३० भरून गाडी ताबडतोब नावावर करावी. यात विकणाऱ्याचेही हित आहे. आरसीवर ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. १५ वर्षांवरील गाड्यांच्या फिटनेसची फी २०२२ पासून पुष्कळ वाढली. म्हणून स्वस्त मिळते म्हणून फार म्हातारी गाडी घेऊ नये.

गाडी मे अखेरीस घेतली, त्यालाही कारण होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बंदरात भाडे नाही, म्हणजे दुरुस्तीला हाच काळ. फक्त कोकणच्या पावसात रंगाचे काम करणे म्हणजे रंगाखाली ओल कोंडणे. म्हणून कुजलेला पत्रा कापून नवा बसवणे, वेल्डिंग, खरवडून रेड ऑक्साइड मारणे एवढे छपराखाली उरकले आणि रंग उघडीप मिळाल्यावर दिला. ब्रेकचे लोखंडी पाइप खाऱ्या हवेने पोखरले होते, ते सगळे बदलले. हौद्याला पाणी निघून जायला भोके ठेवली.

खर्च असा झाला. पत्रा व वेल्डिंग २२,०००, ब्रेक ११,५००, इंजिन १८,०००, टायर २१,०००, रंग ९,०००, विमा-कर-कागद २९,५००. एकूण १,११,०००. आमचा अंदाज होता ६५,०००. म्हणजे ४६,००० जास्त! जुन्या गाडीचा अंदाज काढावा आणि त्याची दीडपट जवळ ठेवावी, हा आम्हाला मिळालेला धडा. कमी पडलेले पैसे सूनबाईने बचत गटातून उचलले. मात्र तिने एक अट घातली, “रोजचा हिशेब मी लिहिणार.” आज डिझेल, बर्फ, टोल, हप्ता सगळे तिच्या वहीत आहे. बीकॉम आम्ही, पण तिची वही आमच्यापेक्षा चोख.

नावावरून घरात वाद झाला. थोरले बंधू म्हणाले, “धंद्याची गाडी आहे. नाव वाचून कोणी भाडे देईनासे झाले तर?” आयुष्यभर ज्यांनी अपमान गिळला त्यांची ती भीती होती, तिला आम्ही हसलो नाही. तेव्हा सूनबाई म्हणाली, “मामंजी, रमाईचे वडील काय करीत होते?” दापोलीजवळच्या वणंद गावचे भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहत. पुढे ते गेले. पोरक्या मुलांना काका-मामांनी मुंबईला नेले आणि तिथल्याच भायखळ्याच्या बाजारात १९०६ साली रमाईचे बाबासाहेबांशी लग्न झाले. पाटी वाहणाऱ्या बापाची ती लेक. थोरले बंधू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मोठ्या अक्षरात लिहा.”

गाडी रस्त्यावर आली त्या दिवशी नारळ नाही, लिंबू-मिरची नाही. त्रिशरण-पंचशील घेतले आणि थोरले बंधू पुढच्या सीटवर बसले. डोक्यावर पाटी नसलेली त्यांची ती पहिली बंदरफेरी.

सगळे गोड झाले असे नाही. एका व्यापाऱ्याचे बोलावणे आपोआप बंद झाले, कारण त्याने सांगितले नाही. ऑक्टोबरात एकाने रात्री दारूची खोकी नेण्यासाठी तिप्पट भाडे देऊ केले. त्या महिन्याचा हप्ता थकलेला होता. पुतण्याने नाही म्हटले आणि दुसऱ्या दिवशी चिऱ्याच्या दोन खेपा मारल्या. पण खेडच्या बाजारात माल वेळेवर पोचतो, बर्फ टिकतो, म्हणून चार गिऱ्हाईके कायमची झाली आहेत.

रोज रात्री शेवटची खेप झाली की पुतण्या विहिरीच्या गोड्या पाण्याने हौदा, चाके आणि खालचा भाग धुतो. कितीही दमला तरी धुतो. मीठ रात्रभर राहिले की पुन्हा गंज धरतो, हे तो आता मुलालाही सांगतो.

बांधवांनो, जुने घ्यायला लाजू नका. मात्र डोळे उघडे ठेवून घ्या, घरातल्या बाईच्या हाती वही द्या आणि कमाईला डाग लागू देऊ नका.

जय भीम!