एका माप तांदळाचे राजकारण

१९५२ च्या डिसेंबरापासून पुढे कित्येक वर्षे बुधवारची रात्र झाली, की मुंबई-पुण्याच्या घराघरांतून रेडिओची कळ सिलोनकडे वळत असे. चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आवर घालण्याचे धोरण माहिती खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी त्या सुमारास अवलंबिले होते. सबब मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली 'बिनाका गीतमाला' समुद्र ओलांडून कोलंबोस जाई आणि तेथील प्रक्षेपकावरून पुन्हा मराठी माणसाच्या माजघरात येई. गाणी ऐकणाऱ्याच्या लेखी कोलंबो म्हणजे काट्याखालची एक खूण. त्या शहरात माणसे राहतात, त्यांनाही दोन वेळच्या भाताची विवंचना असते, हा विचार त्या घटकेस कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

१२ ऑगस्ट १९५३ हा दिवसही बुधवारच होता. त्या दिवशी सिलोनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लोकांनी आगगाडीचे रूळ उखडले आणि झाडे तोडून रस्ते अडविले. गोळीबार झाला, माणसे मेली. देशाच्या मंत्रिमंडळाने आपली बैठक कोलंबो बंदरात उभ्या असलेल्या 'न्यूफाउंडलंड' नामक ब्रिटिश युद्धनौकेवर भरविली. स्वतंत्र होऊन उणीपुरी साडेपाच वर्षे झालेल्या राष्ट्राचे मंत्री आपल्याच लोकांच्या भयाने परक्या राष्ट्राच्या नौकेवर जाऊन बसले, आणि हे सारे घडले एका माप तांदळाच्या भावावरून.

हे माप म्हणजे काय, ते प्रथम पाहिले पाहिजे. सिंहली माणूस त्याला 'सेरु' म्हणतो. मराठी माणसाला त्यात आपला शेर सहज ओळखू येईल. बेटावर चहा, रबर आणि नारळ मुबलक. परंतु खाण्याच्या तांदळाचा फार मोठा भाग बाहेरून, विशेषतः ब्रह्मदेशातून येई. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि हा पुरवठा तुटला. मग रेशन आले, स्वस्त भाव आला, आणि युद्ध संपल्यावरही ती व्यवस्था टिकली. सिलोनात प्रौढ स्त्री-पुरुषांना १९३१ पासूनच मताचा अधिकार होता. अर्थात जी गृहिणी सकाळी रेशनचे पुस्तक घेऊन दुकानी जाई, तीच निवडणुकीच्या दिवशी मतपेटीपाशी जाई. आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण तेथील पुढाऱ्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा डॉन स्टीफन सेनानायक पंतप्रधान होते. १९५२ च्या मार्चमध्ये कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला आणि पुत्र डडली गादीवर आले. सत्तारूढ युनायटेड नॅशनल पार्टीत नात्यागोत्याची माणसे इतकी, की 'यू. एन. पी.' या अक्षरांचा अर्थ विनोदी लोक 'अंकल नेफ्यू पार्टी', म्हणजे काका-पुतण्यांचा पक्ष, असा लावीत. डडली अविवाहित, सौम्य आणि पाइप ओढणारे गृहस्थ. त्या वर्षीच्या निवडणुकीत त्यांनी मापाला पंचवीस सेंट हा भाव टिकविण्याचे अभिवचन दिले. परंतु कोरियाच्या युद्धामुळे चढलेला रबराचा भाव कोसळला, तांदूळ महागला आणि तिजोरीला ओहोटी लागली. १९५२ च्या अखेरीस सरकारने साम्यवादी चीनशी पाच वर्षांचा करार केला, तो याच अडचणीपोटी. वर्षाला पन्नास हजार टन रबर द्यावयाचे आणि दोन लक्ष सत्तर हजार टन तांदूळ घ्यावयाचा, अशी ती देवघेव होती. तत्त्वापुढे पोट कसे उभे राहते, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल, कारण हे सरकार साम्यवादाचे कट्टर वैरी होते.

तेवढ्याने भागेना. अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने यांनी १९५३ च्या जुलैत मापाचा भाव पंचवीस सेंटांवरून सत्तर सेंटांवर नेला. त्याबरोबर आगगाडीचे व टपालाचे दर वाढविले आणि शाळकरी मुलांना दुपारी मिळणारे मोफत खाणे बंद केले. जमाखर्चाच्या वहीत हे गणित बिनचूक असेल. परंतु ज्या घरात चार पोरे शाळेत जातात, तेथे एकाच आठवड्यात चुलीवर व दप्तरावर मिळून किती ओझे पडते, याचा हिशेब त्या वहीत नव्हता. डाव्या पक्षांनी हरताळ पुकारला. गांधीजींच्या चळवळीतून जगास परिचित झालेला हा शब्द सिलोनच्या इतिहासात त्या एका दिवसाचे विशेषनाम होऊन बसला आहे. डडलींची प्रकृती ढासळली व ऑक्टोबरात त्यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या मागून आले सर जॉन कोतलावल. घोडदौडीचे शौकीन, तोंडाचे फटकळ, पोशाखात ऐटबाज. कंदवळ येथील त्यांच्या वाड्यावरील न्याहारीच्या पंगती प्रसिद्ध होत्या. १९५५ साली बांडुंगच्या परिषदेत, पाश्चात्त्यांच्या साम्राज्याबरोबर पूर्व युरोपातील रशियाच्या साम्राज्याचाही धिक्कार करा, असे त्यांनी ठणकावले. भाषण आधी दाखविले का नाही, असे पंडित नेहरूंनी विचारताच, तुम्ही आपली भाषणे मला दाखविता काय, असा उलट सवाल त्यांनी केला. बाणेदारपणा खरा. परंतु न्याहारीस न बोलावलेल्या माणसाच्या घरी काय शिजते, इकडे त्यांचे लक्ष कमी पडले. १९५६ च्या एप्रिलात त्यांच्या पक्षाला ९५ पैकी अवघ्या ८ जागा मिळाल्या. पुढे ते बराच काळ इंग्लंडातील केंट परगण्यात राहिले. आपला वाडा मात्र त्यांनी लष्करी शिक्षणसंस्थेसाठी देशाला दिला.

विजयी झाले सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंडारनायके. ब्रिटिश गव्हर्नराचे नाव धारण करणारे, ऑक्सफर्डचे वक्ते, जन्माने ख्रिस्ती; नंतर त्यांनी बौद्धधर्म व देशी शुभ्र वस्त्रे स्वीकारली. त्यांनी ओळखले, की लोकांची भूक केवळ भाताची नाही. कचेरीतला अर्ज, न्यायालयाचा निकाल, दारी आलेली तार, सर्व इंग्रजीत. आणि इंग्रजी जाणणारे दहांत एकही नाहीत. हे गाऱ्हाणे न्याय्य होते. परंतु त्यावर त्यांनी काढलेली मात्रा म्हणजे 'केवळ सिंहली'. १९५६ च्या जूनमध्ये तसा कायदा झाला आणि तामिळ भाषिक आपल्याच देशाच्या कचेरीत परका ठरला. दोन भाषा ठेवाल तर एक देश राहील, एकच ठेवाल तर दोन होतील, असा इशारा डावे पुढारी कोल्विन डिसिल्वा यांनी दिला होता. १९५७ मध्ये बंडारनायके यांनी तामिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला. भिक्षूंनी आरडाओरड करताच पुढल्या वर्षी तो मोडला. लागलीच दंगली उसळल्या. १९५९ च्या सप्टेंबरात एका बौद्ध भिक्षूनेच त्यांना गोळ्या घातल्या.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. तांदूळ विकत आणण्यास लागणारे परकी चलन मुख्यतः चहाच्या मळ्यांतून येई, आणि ती पाने खुडणाऱ्या बहुसंख्य बाया भारतातून गेलेल्या तामिळ मजुरांच्या घरच्या होत्या. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने व त्यामागून आलेल्या कायद्यांनी त्यांच्यापैकी बहुतेकांचे नागरिकत्व आणि मत काढून घेतले होते. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात त्यांची वाटणी आकड्यांनी झाली: सव्वापाच लक्ष भारताकडे, तीन लक्ष सिलोनकडे, बाकीच्यांचा विचार मागाहून. ज्यांच्या श्रमाने माप भरत होते, त्यांना मापाविषयी बोलण्याचा अधिकार नव्हता.

बंडारनायके यांच्या पत्नी सिरिमावो १९६० च्या जुलैत जगातील पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. पण गृहिणी गादीवर बसली म्हणून मापाचे कोडे सुटले नाही. १९६२ मध्ये त्यांचे अर्थमंत्री फेलिक्स डायस बंडारनायके यांनी रेशन कमी करण्याचे योजिले, तोच स्वपक्षीयच खवळले आणि त्यांना अर्थखाते सोडावे लागले. १९६६ च्या अखेरीस पुन्हा पंतप्रधान झालेल्या डडलींनी दोन मापांचे एक केले, पण ते फुकट दिले. १९७० च्या निवडणुकीत सिरिमावोबाईंनी दुसरे माप परत देण्याचे वचन दिले. वेळ पडल्यास चंद्रावरून तांदूळ आणू, असे त्या म्हणाल्याचे लोक अजून सांगतात. माणूस चंद्रावर उतरून तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्या निवडून आल्या.

त्यांचे अर्थमंत्री होते डॉ. एन. एम. परेरा. हे लंडनचे पंडित आणि हाडाचे डावे. १९३४-३५ च्या हिवतापाच्या साथीत त्यांनी खेडोपाडी डाळ वाटली, म्हणून लोक त्यांना 'परिप्पु महत्तया', म्हणजे डाळवाले साहेब, म्हणू लागले. १९४२ मध्ये ते कँडीच्या तुरुंगातून निसटून भारतात आले आणि पुढील वर्षी मुंबईत पकडले गेले. ज्याने आयुष्यभर गरिबाच्या ताटासाठी भांडण केले, त्याच्याच हाती तिजोरीच्या किल्ल्या आल्या, तेव्हा जगात धान्य व तेल दोन्ही कडाडले. १९७३ मध्ये रेशनात काटछाट झाली. पावासाठी पहाटेपासून रांगा लागल्या, खाणावळींत ठराविक वारी भात मिळेना, आणि एका गावचा तांदूळ दुसऱ्या गावी नेताना रस्त्यावर पिशव्या तपासल्या जाऊ लागल्या. १९७७ च्या जुलैत सिरिमावोबाईंच्या पक्षाला १६८ पैकी ८ जागा मिळाल्या, डाव्यांना एकही नाही. डॉ. परेराही पडले.

आणि निवडून आले कोण? १९५३ साली भाव वाढविणारे तेच जयवर्धने. त्यांनी या खेपेस घाई केली नाही. आधी निम्म्या लोकांचे रेशन थांबविले, मग १९७९ च्या सप्टेंबरात ती पद्धतच मोडून गरिबांना अन्नाची कुपने दिली. रस्त्यावर कोणी आले नाही. डॉ. परेरा त्याच वर्षीच्या ऑगस्टात वारले होते.

पुढाऱ्यांच्या ऐटीच्या, विनोदाच्या, भाषणांच्या कथा रंगवून सांगण्याजोग्या आहेत. पण त्या कथांच्या तळाशी हा शेरभर तांदूळ आहे. ज्या सरकारने माप कमी केले, त्याला लोकांनी जाब विचारला, आणि शस्त्राविना, बहुधा मताने, खाली उतरविले. हे लोकशाहीचे मोठे शिक्षण होय. परंतु भाषेच्या मापात झालेली लबाडी अशी पाच वर्षांनी दुरुस्त होत नाही. तांदळाचा भाव १९५३ नंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा खाली आला. १९५६ च्या कायद्याने पडलेली भेग मात्र रुंदावत गेली. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तामिळांची घरे जळाली आणि जे युद्ध पेटले, ते २००९ च्या मे महिन्यापर्यंत विझले नाही.

२०२२ साली त्याच कोलंबोत इंधन, औषध आणि अन्न यांसाठी पुन्हा रांगा लागल्या, आणि जुलै महिन्यात राष्ट्राध्यक्षाने देश सोडला. त्या मैदानातल्या गर्दीत सिंहली होते, तामिळ होते, मुसलमान होते. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला शेजाऱ्याची भाषा विचारण्याचे सुचत नाही. पिशवी रिकामी आहे एवढेच त्याला दिसते. त्या रांगेतली ही ओळख रांग मोडल्यानंतरही टिकावी, एवढीच त्या बेटाच्या हितचिंतकांची इच्छा असणार.