पावणेपाच वर्षांची वाट

दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता लातूर जिल्ह्यातल्या अहमदपुरातली मुलगी मोबाइलवर सीट नंबर आणि आईचं नाव टाकते. सर्व्हर मुंबईत आहे असं धरू; केबलच्या वाटेनं साधारण 500 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे जाऊन-येऊन निदान 5 मिलिसेकंद जाणारच. टॉवर आणि राउटर धरले तर 50 सहज होतात. तिची पापणीही लवत नाही एवढ्यात.

सर्व्हरकडून पाहिलं की हाच वेळ अवाढव्य होतो. 3 गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे सेकंदाला 300 कोटी ठोके पडतात. एक ठोका एक सेकंदाचा मानला, तर 50 मिलिसेकंद म्हणजे 15 कोटी सेकंद, जवळपास पावणेपाच वर्षं! एवढा काळ तिच्या कामात सर्व्हरला करण्यासारखं काहीच नसतं. नेटवर्कवरच्या प्रोग्रामचं बहुतेक आयुष्य असं वाट बघण्यातच जातं.

आता गर्दी. 16 जुलै 2021 ला, कोरोनामुळे परीक्षा न घेता लावलेला दहावीचा निकाल पाहायला राज्यभरातले विद्यार्थी एकाच वेळी आले आणि संकेतस्थळ कित्येक तास उघडत नव्हतं. विद्यार्थी होते 15 लाखांहून अधिक. जुन्या पद्धतीनं प्रत्येकासाठी एक थ्रेड, म्हणजे कामाचा स्वतंत्र धागा, उघडायचा म्हटलं, तर लिनक्स प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारणपणे 8 मेगाबाइट जागा राखून ठेवते. 15 लाखांचे होतात 12 टेराबाइट. ही सगळी जागा लगेच वापरली जात नाही हे खरं, पण थ्रेडांची अदलाबदल करता करताच यंत्र मेटाकुटीला येतं. 1999 मध्ये डॅन केगेल यांनी एका सर्व्हरवर 10 हजार जोडण्या सांभाळण्याचा प्रश्न मांडला, तेव्हा तोही आकडा भारी होता.

कोरूटीन इथेच उपयोगी पडतात. थांबायची वेळ आली की कोरूटीन स्वतःहून बाजूला होतो, कुठवर आलो तेवढं लक्षात ठेवतो आणि प्रोसेसर दुसऱ्याला देतो. कल्पना मेल्विन कॉनवे यांची, 1958 ची. पायथनमध्ये जीइव्हेंटसारखी लायब्ररी किंवा 2014 पासून भाषेसोबतच येणारी असिंकआयओ हे काम करते. एका कोरूटीनला 4 किलोबाइट धरले तरी 15 लाखांचं ओझं 6 गिगाबाइट, म्हणजे साध्या लॅपटॉपच्या मेमरीत मावेल इतकं. जोडण्यांचा स्वतःचा खर्च वेगळा, पण तोही आवाक्यातला आहे: 2012 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं एका सर्व्हरवर 20 लाखांहून अधिक जोडण्या धरून दाखवल्या. ते एर्लांग भाषेतल्या हलक्या प्रोसेसवर चालत होतं, तत्त्व जवळचंच. लातूर, नांदेड, धाराशिवच काय, राज्यातली सगळी दहावी त्या एका यंत्राला धरून बसू शकली असती.

धरून बसणं आणि निकाल मिळणं यांत मात्र फरक आहे. डेटाबेस सेकंदाला जेवढी उत्तरं देईल तेवढीच मिळणार. कोरूटीन तिथली रांग स्वस्त करतात, छोटी करत नाहीत. शिवाय सगळा कारभार सहकारावर चालतो. एका कोरूटीननं मध्येच एक सेकंदाचं सलग गणित काढलं आणि जागा सोडली नाही, तर त्याच्या मागचे सगळे अडकतात. आपल्या हिशेबानं ते 300 कोटी सेकंद होतात, म्हणजे 95 वर्षं.