या वयात सोडून काय उपयोग?

“सत्तरी उलटली, आता राहिली किती वर्षे? तेवढे एक सुख तरी राहू द्या.” हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे घर माझ्या पाहण्यात क्वचितच आले आहे. बोलणारे आजोबा असतात, ऐकणारा मुलगा किंवा सून असते, आणि दोघेही डॉक्टरांकडे अशा अपेक्षेने पाहतात की निवाडा त्यांनीच द्यावा. वाचकहो, आजोबांचा प्रश्न रास्त आहे. त्याला ‘व्यसन वाईटच’ हे उत्तर पुरेसे नाही. उपयोग किती, हे सांगता आले पाहिजे. आणि सुदैवाने ते मोजलेले आहे.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयीची माहिती मागविली. उत्तर देणाऱ्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांवर पुढे तब्बल पन्नास वर्षे लक्ष ठेवण्यात आले. कोण ओढत राहिला, कोणी सोडले, कोण कशाने आणि कोणत्या वयात गेला, याची नोंद होत राहिली. स्वतः डॉलही पूर्वी धूम्रपान करीत; आपल्याच संशोधनाचे निष्कर्ष दिसू लागल्यावर त्यांनी ते सोडले. २००४ साली पन्नास वर्षांचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते. त्या अहवालाप्रमाणे, आयुष्यभर सिगारेट ओढणारे पुरुष न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची ती दहाही वर्षे जवळजवळ वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा आणि साठीत सोडणाऱ्यांची सुमारे तीन.

तीन वर्षे थोडी वाटतील. परंतु नात बारावीला असेल, तर तिची पदवी पाहण्याइतकी ती आहेत. शिवाय वर्षांच्या संख्येइतकाच त्या वर्षांचा दर्जाही महत्त्वाचा आहे. तिशीनंतर प्रत्येकाच्याच फुप्फुसांची ताकद दरवर्षी थोडी थोडी उतरते. धुराचा त्रास होणाऱ्यांमध्ये ही उतरण कितीतरी तीव्र असते. फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ साली दाखवून दिले की धूम्रपान थांबविल्यावर गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण उतरणीचा वेग मात्र न ओढणाऱ्याच्या वेगाजवळ येतो. अमेरिका आणि कॅनडात पुढे झालेल्या मोठ्या अभ्यासानेही हेच सिद्ध केले. आता याचा व्यवहारातला अर्थ पाहा. अडुसष्टाव्या वर्षी विडी थांबविणारा माणूस पंचाहत्तरीत कदाचित स्वतःच्या पायांनी देवळापर्यंत जाईल. न थांबविणारा त्या वयात न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा थांबेल. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांत सोडणारे आणि न सोडणारे यांची तुलना केली असता, सोडणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. झटक्यानंतर आपण रोज ज्या गोळ्या निष्ठेने घेतो, त्यांतील फारच थोड्या गोळ्यांना एवढे श्रेय देता येईल.

“मी पुष्कळ कमी केले आहे, आता दिवसाला दोनच,” हेही नेहमीचे. कमी करणे वाईट नाही. पण हृदयाचा हिशेब वेगळा असतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली केलेल्या विश्लेषणात असे दिसले की दिवसाला वीस सिगारेटी ओढल्याने हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्यातला जवळजवळ निम्मा धोका एका सिगारेटीनेच येतो. आणि ‘सिगारेटपेक्षा विडी बरी, ती पानाची असते’ हा समज तर पूर्णपणे सोडून द्यावा. विडी लवकर विझते, म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते. तिच्यातून मिळणारे निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते.

महाराष्ट्रापुरता एक खुलासा येथेच करतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्केच आढळले. मात्र तंबाखू, मशेरी, गुटखा असा धुराविना तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. तेव्हा आजोबांच्या विडीची चर्चा चालू असताना आजींच्या मशेरीच्या डबीकडे दुर्लक्ष होऊ नये. निकोटिनची पकड दोन्हींत तीच आहे. ‘दात घासते’ म्हणून ती व्यसन ठरत नाही, असा आपल्या घराघरांतला सोयीचा तह आहे.

आता सोडायचे कसे? केवळ निश्चयाच्या बळावर, कोणतीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी वर्षअखेर टिकून राहणारे शंभरात तीन ते पाच असतात. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण तीनदा प्रयत्न फसलेला माणूस स्वतःला दुबळा समजू लागतो आणि घरचेही त्याला तसेच वागवितात. निकोटिन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, आणि वर्षानुवर्षे त्याची सवय झालेला मेंदू ते न मिळाल्यास कुरकुर करतो. ही सवय किती खोल आहे हे ओळखण्याची साधी खूण म्हणजे सकाळी उठल्यापासून पहिली विडी पेटेपर्यंतचा वेळ. तो अर्ध्या तासाहून कमी असेल, तर नुसत्या निश्चयावर विसंबू नये. औषधाची मदत घ्यावी.

मदतीचा आरंभ अगदी लहान गोष्टीपासून होतो. १९७९ साली लंडनमधील २८ सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यांत एक प्रयोग झाला. दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे धूम्रपान सोडण्याविषयी सांगितले, एक पत्रक दिले आणि ‘पुढे विचारपूस होईल’ अशी कल्पना दिली. वर्षानंतर अशा रुग्णांपैकी ५.१ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांच्यात ०.३ टक्के. त्या पाच टक्क्यांना कोणी हसेल, पण दोन मिनिटांत एवढे काम करणारा दुसरा उपचार मला तरी ठाऊक नाही. ब्रिटनमध्येच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात ५६१ जणांची फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी निम्म्यांना निकाल नेहमीच्या आकड्यांत सांगितला, तर निम्म्यांना ‘तुमच्या फुप्फुसांचे वय अमुक’ असा सांगितला. वर्षानंतर पहिल्या गटातील ६.४ टक्क्यांनी, तर दुसऱ्यातील १३.६ टक्क्यांनी सोडलेले होते. आपल्या बावन्न वर्षांच्या देहात पंच्याहत्तरीची फुप्फुसे आहेत, हे माणसाला लगेच कळते. आकडे त्याला कळत नाहीत.

हळूहळू सोडावे की एकदम? आपल्याकडे ‘हळूहळू’कडे कल असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६९७ जणांच्या चाचणीत एका गटाने ठरलेल्या दिवशी एकदम थांबविले, दुसऱ्याने दोन आठवड्यांत कमी करत थांबविले. सहा महिन्यांनी पहिल्यातील २२ टक्के, तर दुसऱ्यातील १५.५ टक्के टिकून होते. दोन्ही गटांना औषधाचा आणि समुपदेशनाचा आधार होता, हे विसरू नये. तेव्हा दिवस ठरवावा आणि त्या दिवशी पूर्ण थांबावे. पण आधार अगोदरच तयार ठेवावा.

तो आधार म्हणजे प्रथम निकोटिनची चघळायची गोळी आणि त्वचेवर लावायची पट्टी. यांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. पट्टी दिवसभराची पातळी सांभाळते आणि गोळी अचानक उसळलेली तलफ शमविते. म्हणून दोन्ही मिळून वापरणे एकापेक्षा अधिक गुणकारी ठरले आहे. ‘निकोटिनच द्यायचे तर फरक काय?’ असे विचारले जाते. फरक धुराचा आहे. कर्करोग आणणारी द्रव्ये आणि कार्बन मोनॉक्साइड धुरात असतात, पट्टीत नव्हे.

चघळायच्या गोळीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण ती चुकीच्या रीतीने खाऊन ‘डॉक्टर, तुमची गोळी लागू पडली नाही’ म्हणणारे फार आहेत. ती लहान मुलांच्या च्युइंग गमसारखी सतत चावायची नसते. सावकाश चावावी, तोंडात तिखटसर चुणचुण जाणवली की थांबावे आणि ती गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावी. चव ओसरली की पुन्हा थोडे चावावे. असे अर्धा तास. भराभर चावल्यास निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, मग उचकी आणि जळजळ. चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेतल्यावर निदान पंधरा मिनिटे गोळी घेऊ नये, कारण आंबटपणामुळे तोंडातून निकोटिन शोषले जात नाही. पहाटेच्या चहाबरोबर विडी ओढणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. कवळी असेल तर गोळी चिकटते. तेव्हा पट्टी किंवा चोखायची गोळी अधिक सोयीची. पट्टीची जागा रोज बदलावी. रात्री विचित्र स्वप्ने पडू लागल्यास झोपताना ती काढावी. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारे औषध म्हणजे व्हॅरेनिक्लिन. त्याने मन बिघडते, अशी भीती काही वर्षे होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत, ज्यांतील निम्म्यांना मानसिक आजार होता वा पूर्वी होऊन गेला होता, ती भीती खरी ठरली नाही. आणि हे औषध पट्टीपेक्षा व ब्युप्रोपिऑनपेक्षा अधिक प्रभावी आढळले. मूत्रपिंडांचे कार्य बरेच घटलेले असल्यास त्याची मात्रा कमी करावी लागते. ज्यांना फिट्स येतात त्यांना ब्युप्रोपिऑन देत नाहीत. इतके करूनही सहा महिन्यांनी टिकून राहणारा साधारण पाचांतला एक असतो, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. म्हणजे पुन्हा प्रयत्न करावा लागणे हा नियम आहे. ई-सिगारेटविषयी मुले विचारतात. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आहे, म्हणून तो विषय येथेच संपतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट अनेकदा राहून जाते. धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत काही औषधे नेहमीपेक्षा लवकर निकालात काढते. धूम्रपान थांबले की ती औषधे रक्तात साचू लागतात. दम्यासाठी किंवा जुनाट श्वसनविकारासाठी थिओफिलिन घेणाऱ्या व्यक्तीने विडी सोडल्यावर आठवड्याभरात मळमळ, धडधड, हातांना कंप अशी लक्षणे दिसू शकतात. घरचे म्हणतात, ‘बघा, सोडल्याने त्रास झाला!’ प्रत्यक्षात मात्रा कमी करण्याची वेळ आलेली असते. क्लोझापिन व ओलान्झापिन या मानसोपचारातील औषधांचेही असेच. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर या काळात अधिक वेळा तपासावी. तिची गरज घटू शकते. हा परिणाम धुराचा असल्याने पट्टी लावली तरी हे बदल होतातच. तेव्हा सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवावी. आणि घरात प्राणवायूचे यंत्र असेल, तर त्या खोलीत विडी, काडेपेटी, समई यांपैकी काहीही पेटवू नये. यात तडजोड नाही.

पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो, आणि महिनाभरात बराचसा त्रास ओसरतो. चिडचिड, झोपमोड, बद्धकोष्ठ, भूक वाढणे, काहींना सुरुवातीला खोकला वाढणे, हे सारे अपेक्षित आहे. तलफ काही मिनिटांची असते. तेवढी मिनिटे कशात तरी जावीत, मग ते अंगणातले दहा फेरे असोत किंवा बडीशेप असो. काळजी घेणाऱ्यांनी या दिवसांत बोलाचाली मनावर घेऊ नये. बंडल लपवून ठेवणे, नातवाला पाळतीवर ठेवणे, चारचौघांत टोमणे मारणे यांनी विडी थांबल्याचे मी पाहिलेले नाही. ती न्हाणीघरामागे गेल्याचे मात्र पाहिले आहे. उलट घरातल्या दुसऱ्या माणसाने सोडल्याचा परिणाम मोठा होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासाच्या नोंदी तपासल्या असता, जोडीदाराने धूम्रपान सोडल्यावर दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटलेली दिसली. ज्या चिरंजीवांना वडिलांची विडी बंद करायची आहे, पण स्वतः गच्चीवर जाऊन सिगारेट ओढायची आहे, त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

दवाखाना दूर असेल तर तंबाखूमुक्तीसाठी असलेल्या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे. तो सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय या सेवेच्या केंद्रांपैकी एक आहे. समुपदेशक तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे आणि पहिली विडी किती वाजता पेटते याची चार दिवसांची नोंद बरोबर न्यावी. आणि कृपा करून आजोबांनाही न्यावे. पुष्कळदा एकटा मुलगाच येतो, आणि ज्याला सोडायचे आहे तो बाहेर रिक्षात बसून असतो.