काळी काच, गिरडचे खडे आणि आपले वावर

समुद्रपूर तालुक्यातले गिरड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर सुपारीसारखे गोल खडे सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, अशी जुनी कथा लोक सांगतात. कथा कथेच्या जागी असो. हे खडे झाले कसे, ते आपण पाहू.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रात जमिनीला भेगा पडल्या. त्यांतून वितळलेल्या दगडाचा तापलेला रस बाहेर आला. यालाच लाव्हा म्हणतात. थरावर थर साचले. तोच आपला काळा दगड.

आता घरातला दाखला घ्या. साखरेचा पाक सावकाश निवला की त्यात खडे धरतात. खडीसाखर अशीच होते. पण पक्का पाक एकदम गार केला, तर खडे धरायला सवड मिळत नाही. मग काचेसारखी गोळी होते. लाव्ह्याचेही तसेच. सावकाश निवला तर कणीदार दगड, एकदम निवला तर काच!

काही देशांत दाट लाव्ह्याची काळी काच सापडते. तिला ऑब्सिडियन म्हणतात. ती चकाकते. फुटली की शिंपल्यासारखा खोलगट टवका निघतो. त्याची कड वस्तऱ्यासारखी धारदार असते. जुन्या काळी मेक्सिकोतले लोक तिच्या सुऱ्या करीत.

आपल्याकडचा लाव्हा पातळ होता. म्हणून इथे काचेचे मोठे थर झाले नाहीत, नुसते पापुद्रे झाले. तेही टिकले नाहीत. पाणी मुरत गेले. काचेतला आणि दगडातला काही अंश पाण्यात विरघळला. लाव्ह्यातल्या वाफेच्या बुडबुड्यांनी दगडात पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत तो अंश साठला, घट्ट झाला. त्याला झिओलाइट म्हणतात. गिरडचे खडे ते हेच.

बाकीचा दगड ऊनपावसाने झिजला. त्याचीच काळी माती झाली. तिच्यात आपला कापूस पिकतो, तूर पिकते. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. जायला मात्र थोडे पावसाळे पुरतात.

आमच्याच वावराचा धुरा एकदा फुटला. आज बांधू, उद्या बांधू, असे म्हणत आम्ही दोन पावसाळे घालवले. आता तेथे नुसते बरड उघडे पडले आहे. तेथे काही पिकत नाही.

म्हणून पावसाआधी धुरे नीट करा. उताराला आडवी पेरणी करा. नाल्याचे पाणी गढूळ दिसले, की समजा, कुणाचे तरी वावर वाहून चालले आहे. ते आपले तर नाही ना?